मेंफिस सोल संगीत

मेंफिस सोल संगीत : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्याच्या मेंफिस या शहरी सु. १९६० ते १९७५ या काळात विकास पावलेला सोल संगीताचा एक स्वतंत्र संप्रदाय. ‘स्टॅक्स’ या ध्वनिमुद्रिका-संस्थेशी तो मुख्यत्वे निगडित असल्यामुळे त्याला ‘स्टॅक्स शैली’ असेही म्हटले जाते. ओटिस रेडिंग, सॅम मूर व डेव्ह प्रेटर, रूफस टॉमस व त्याची कन्या कार्ला टॉमस, आयझॅक हेझ, द स्टेपल सिंगर्स हे गायक आणि ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ हा वादकसमूह हे या संप्रदायाचे प्रमुख प्रतिनिधी होत. वर्णभेदाने दुभंगलेल्या शहरात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय कलावंतांनी एकत्र बसून हे संगीत घडविले, म्हणून संगीताप्रमाणेच सामाजिक इतिहासातही त्याला स्थान आहे. कलावंतांनी निर्माण केलेल्या ध्वनीवर अखेर मालकी कोणाची, हा प्रश्नही या संस्थेच्या वाटचालीत अत्यंत ठळकपणे पुढे आला.

पार्श्वभूमी : ‘सोल’ या शब्दाचा अर्थ आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील ‘गॉस्पेल’ ही भक्तिगीते आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या मीलनातून सोल संगीत उदयास आले. मुख्य गायकाने एक ओळ म्हणावी व समूहाने तिला प्रतिसाद द्यावा, ही गॉस्पेलमधील पद्धती. भावना उत्कट होताच शब्द सोडून केवळ हुंकार वा आर्त स्वर काढण्याची रीत. आणि श्रोत्यांनी टाळ्यांनी ताल धरणे ही वैशिष्ट्ये सोल संगीताने उचलली. ईश्वराविषयीच्या आर्ततेची जागा मात्र मानवी प्रेमाने, विरहाने व स्वाभिमानाने घेतली. रे चार्ल्‌स (१९३०–२००४) याने १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘आय गॉट अ वूमन’ या गीतात हा संयोग प्रथम स्पष्टपणे जाणवला. सॅम कुक (१९३१–६४) हा ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल गायकसंचातील लोकप्रिय गायक १९५७ मध्ये लौकिक संगीताकडे वळला, तेव्हा धर्मनिष्ठ श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. जेम्स ब्राउन (१९३३–२००६) याने पुढे या संगीतात लयीला प्राधान्य दिले.

मेंफिस हे मिसिसिपी नदीच्या काठावरील कापसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. सभोवतालच्या कापूसमळ्यांतून आलेल्या मजुरांनी ब्लूज गायन शहरात आणले व बील स्ट्रीट हा रस्ता त्याचे माहेरघर बनला. कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी सर्व कार्यक्रम सादर करणारे ‘डब्ल्यूडीआयए’ हे नभोवाणी केंद्रही याच शहरातील. रूफस टॉमस (१९१७–२००१) हा तेथील एक लोकप्रिय निवेदक होता. गौरवर्णीयांची ‘कंट्री’ गीतेही येथे तितकीच रुजलेली होती. १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली याच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका येथील ‘सन’ या संस्थेने प्रसिद्ध केल्या. अशा रीतीने दोन्ही समाजांचे संगीत एकमेकांच्या कानी पडत होते. मात्र उपाहारगृहे, शाळा व निवासवस्त्या विभक्त असल्यामुळे संगीतकारांना उघडपणे एकत्र येण्यास वाव नव्हता.

स्टॅक्स संस्थेची स्थापना : जिम स्टूअर्ट (१९३०–२०२२) हा बँकेत नोकरी करणारा गौरवर्णीय तरुण हौसेने कंट्री संगीतातील फिडल वाजवीत असे. त्याने १९५७ मध्ये ‘सॅटेलाइट’ नावाची लहानशी ध्वनिमुद्रण संस्था काढली. ध्वनिमुद्रणयंत्र घेण्यासाठी भांडवल नव्हते, तेव्हा त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन (१९१८–२००४) हिने स्वतःचे घर गहाण टाकून पैसा उभा केला. १९६० मध्ये या भावंडांनी दक्षिण मेंफिसमधील मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरील ‘कॅपिटॉल’ हे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढून प्रेक्षागृहात ध्वनिमुद्रणकक्ष करण्यात आला आणि जेथे पूर्वी खाऊ विकला जाई, त्या जागी एस्टेलने ध्वनिमुद्रिकांचे दुकान थाटले.

या परिसरात तेव्हा कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. परिसरातील मुले एस्टेलच्या दुकानात गाणी ऐकण्यासाठी येत. कोणते गाणे मुलांना आवडते, ती कशावर थिरकतात, हे ती लक्षपूर्वक पाही व नव्या ध्वनिमुद्रिका प्रथम त्यांनाच ऐकवी. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर हा पुढे संस्थेचा अग्रगण्य गीतलेखक झाला. बुकर टी. जोन्स (जन्म १९४४) हा शाळकरी मुलगा येथील पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी एकासाठी बॅरिटोन सॅक्सोफोन वाजविण्यास आला आणि नंतर ऑर्गनवादक म्हणून प्रसिद्धीस पावला. दुकानात काम केलेली डीनी पार्कर पुढे प्रसिद्धी विभागाची प्रमुख झाली. संस्थेने कलावंत दुरून आणण्याऐवजी शेजारातून निवडले, हे तिचे पहिले वैशिष्ट्य होय.

१९६० मध्ये रूफस व कार्ला टॉमस या पितापुत्रीचे द्वंद्वगीत गाजले. न्यूयॉर्कमधील ‘ॲटलांटिक’ या मोठ्या संस्थेचा संचालक जेरी वेक्सलर याचे त्याकडे लक्ष गेले आणि मेंफिसच्या ध्वनिमुद्रिकांचे देशभर वितरण करण्याचे ॲटलांटिकने मान्य केले. हा व्यवहार अनेक वर्षे केवळ तोंडी विश्वासावर चालला. सॅटेलाइट नावाची दुसरी एक संस्था अस्तित्वात असल्याचे आढळल्यावर १९६१ मध्ये स्टूअर्ट व ॲक्स्टन या आडनावांची इंग्रजीतील आद्य दोन-दोन अक्षरे घेऊन ‘स्टॅक्स’ हे नाव तयार करण्यात आले. ‘व्होल्ट’ या दुसऱ्या नावानेही संस्था ध्वनिमुद्रिका काढीत असे.

ध्वनिशैली : चित्रपटगृहाची जमीन पडद्याच्या दिशेने उतरती होती व ती तशीच ठेवण्यात आली होती. समांतर नसलेल्या पृष्ठभागांमुळे ध्वनीचे परावर्तन आगळे होई व ध्वनिमुद्रणाला एक प्रकारचा भरदार, खुला नाद प्राप्त होई. आरंभीच्या काळात गायक व सर्व वादक एकाच वेळी एकाच खोलीत सादरीकरण करीत आणि ते एकमार्गी यंत्रावर मुद्रित होई. त्यामुळे एखाद्याची चूक झाल्यास सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. स्वरलिपी लिहून काढण्याची पद्धत नव्हती. गायक ट्रंपेट वा सॅक्सोफोन यांनी वाजवावयाची चाल गुणगुणून दाखवी, वादक ती आत्मसात करीत आणि परस्परांच्या सूचनांतून गीताची रचना पूर्ण होई. ओटिस रेडिंग हा अशा चाली सुचविण्यात विशेष कुशल होता.

या शैलीचा कणा म्हणजे ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ हा चौघांचा समूह. बुकर टी. जोन्स (ऑर्गन) व ॲल जॅक्सन (तालवाद्ये, १९३५–७५) हे कृष्णवर्णीय, तर स्टीव्ह क्रॉपर (गिटार) व डोनाल्ड ‘डक’ डन (बेस गिटार, १९४१–२०१२) हे गौरवर्णीय होते. डनपूर्वी ल्यूई स्टाइनबर्ग हा कृष्णवर्णीय वादक बेस वाजवीत असे. १९६२ मध्ये एका ध्वनिमुद्रणातून उरलेल्या वेळात त्यांनी सहज वाजविलेली ‘ग्रीन अनियन्स’ ही केवळ वाद्यांवरील रचना देशभर लोकप्रिय झाली. बुकर टी. जोन्स हा त्यानंतर इंडियाना विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेऊ लागला. सुटीच्या दिवशी तो मेंफिसला येऊन ध्वनिमुद्रणात भाग घेई.

मितव्ययी वादन हे या समूहाचे मुख्य लक्षण. क्रॉपर गिटारवर दीर्घ एकल वादन करण्याऐवजी गायकाच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत मोजके स्वर पेरी. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देण्याची प्रथा सर्वत्र होती. १९६५ मध्ये विल्सन पिकेट याचे ‘इन द मिडनाइट आवर’ हे गीत मुद्रित करताना जॅक्सन व क्रॉपर यांनी हा आघात किंचित विलंबाने देण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून ही रेंगाळणारी लय मेंफिस शैलीची खूण ठरली. वेन जॅक्सन (ट्रंपेट) व अँड्र्यू लव्ह (सॅक्सोफोन) यांच्या सुषिर वाद्यांनी गायकाला प्रतिसाद देणाऱ्या समूहाची जागा घेतली. गॉस्पेलमधील समूहगायकांचे कार्य येथे पितळी वाद्ये करू लागली, असे म्हणता येईल.

डिट्रॉइट शहरातील ‘मोटाउन’ या कृष्णवर्णीय मालकीच्या संस्थेशी स्टॅक्सची नेहमी तुलना केली जाते. मोटाउनच्या गीतांत घोटीव सफाई व तंतुवाद्यांची झालर असे, तर स्टॅक्सच्या गीतांत किंचित ओबडधोबडपणा व चर्चमधील आवेश आढळे. मोटाउनने आपल्या इमारतीला ‘हिट्‌सव्हिल’ असे नाव दिले होते, त्याला उत्तर म्हणून स्टॅक्सने चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर ‘सोल्सव्हिल’ अशी अक्षरे लावली. मॅक्लेमोर ॲव्हेन्यूच्या परिसरालाही पुढे हेच नाव पडले.

प्रमुख कलावंत : ओटिस रेडिंग (१९४१–६७) हा या संप्रदायाचा सर्वश्रेष्ठ गायक मानला जातो. त्याचा जन्म जॉर्जिया राज्यातील डॉसन येथे झाला व बालपण मेकन शहरात गेले. १९६२ मध्ये जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाची मोटार चालवीत तो स्टॅक्समध्ये आला. जेंकिन्सचे ध्वनिमुद्रण मनासारखे झाले नाही आणि उरलेल्या वेळात रेडिंगला गाण्याची संधी मिळाली. त्या वेळी त्याने गायिलेल्या ‘दीज आर्म्‌स ऑफ माइन’ या गीताने त्याची कारकीर्द सुरू झाली. ‘ओटिस ब्लू’ (१९६५) हा त्याचा गीतसंग्रह बव्हंशी एका अहोरात्रीत मुद्रित झाला. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील संगीत महोत्सवात त्याने मुख्यतः गौरवर्णीय तरुण श्रोत्यांना जिंकून घेतले. त्याच वर्षी ‘सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे’ हे संथ, चिंतनशील गीत त्याने क्रॉपरच्या साहाय्याने रचले. त्याचे ध्वनिमुद्रण पुरे होऊन काही दिवस लोटतात तोच, १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे जात असताना त्याचे विमान मोनोना सरोवरात कोसळले. या अपघातात रेडिंगसह सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत ‘बार-केज’ या तरुण वादकसमूहातील चौघे होते. विमानातील ट्रंपेटवादक बेन कॉली हा एकटाच वाचला. क्रॉपरने मित्राच्या मृत्यूनंतर लगेचच त्या गीतात लाटांचा व समुद्रपक्ष्यांचा ध्वनी मिसळून ते पूर्ण केले. १९६८ मध्ये ते देशात प्रथम क्रमांकावर पोहोचले. गायकाच्या निधनानंतर अमेरिकेत हे स्थान मिळविणारे ते पहिलेच गीत होय.

सॅम मूर (१९३५–२०२५) व डेव्ह प्रेटर (१९३७–८८) या जोडीने गॉस्पेलमधील प्रश्नोत्तरांची रीत द्वंद्वगीतांत आणली. आयझॅक हेझ व डेव्हिड पोर्टर यांनी त्यांच्यासाठी ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिन’ (१९६६) व ‘सोल मॅन’ (१९६७) ही गीते रचली. १९६७ च्या डिट्रॉइट येथील दंगलीत कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या दुकानांना झळ पोहोचू नये, म्हणून त्यांवर ‘सोल’ हा शब्द रंगविलेला होता. त्या बातम्यांवरून ‘सोल मॅन’ची कल्पना सुचल्याचे हेझने सांगितले आहे. ॲलबर्ट किंग (१९२३–९२) याने स्टॅक्सच्या वादकांसह ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ (१९६७) हा ब्लूज गीतांचा संग्रह सिद्ध केला. एडी फ्लॉइड, विल्यम बेल व जॉनी टेलर हेही संस्थेचे उल्लेखनीय गायक होत.

सामाजिक परिस्थिती : संस्थेच्या आवारात वर्णभेद पाळला जात नसे, परंतु दाराबाहेर पडताच तो समोर उभा राही. वादकांना शहरातील बहुतेक उपाहारगृहांत एकत्र बसून जेवता येत नसे. वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय मालकाचे ‘लॉरेन मोटेल’ हे अशा थोड्या ठिकाणांपैकी एक, जेथे दोन्ही वर्णांच्या कलावंतांना मुक्तपणे वावरता येई. बाहेरून आलेले गायक तेथे उतरत व गीतलेखनाच्या बैठकीही तेथे होत. ‘इन द मिडनाइट आवर’ तसेच फ्लॉइड व क्रॉपर यांचे ‘नॉक ऑन वुड’ (१९६६) ही गीते याच मोटेलच्या खोल्यांत रचली गेली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मेंफिस नगरपालिकेचे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात सापडून मरण पावले. त्यानंतर सु. १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी लॉरेन मोटेलच्याच सज्जात हत्या झाली. शहरात दंगली उसळल्या. स्टॅक्सच्या वास्तूस धक्का लागला नाही, तथापि आतील वातावरण पूर्वीसारखे राहिले नाही. वर्णाचा विचार न करता काम करणाऱ्या या कलावंतांना आता एकमेकांकडे वर्णाच्या जाणिवेने पाहावे लागले, असे त्यांच्यापैकी अनेकांनी नमूद केले आहे. रेडिंगच्या मृत्यूला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

ध्वनिमुद्रणांवरील हक्क : याच सुमारास संस्थेवर तिसरा आघात झाला. ॲटलांटिकबरोबरचा तोंडी व्यवहार १९६५ मध्ये लेखी करारात बांधण्यात आला होता. स्टूअर्टने तो विश्वासाने, बारकाईने न वाचताच स्वीकारला. ॲटलांटिकने वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांच्या मूळ फितींची मालकी ॲटलांटिककडे राहील, असे त्यातील एक कलम होते. १९६७ मध्ये ॲटलांटिकची ‘वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्‌स’ या कंपनीस विक्री झाली आणि नव्या अटींविषयी बोलणी सुरू झाली, तेव्हा या कलमाचा अर्थ स्टॅक्सच्या ध्यानी आला. संबंध तोडल्यास आठ वर्षांचे सर्व संगीत गमवावे लागणार होते, आणि मे १९६८ मध्ये ते तसे गमावले गेले. सॅम व डेव्ह हे मुळात ॲटलांटिकचे करारबद्ध गायक असल्यामुळे तेही परत गेले.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी ध्वनिमुद्रित संगीतातील दोन निरनिराळे हक्क लक्षात घ्यावे लागतात. एक हक्क गीताच्या शब्द-स्वररचनेवरील, म्हणजे गीतलेखकाचा व त्याच्या प्रकाशकाचा. दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावरील, म्हणजे मूळ फितीच्या मालकाचा. गायकाला यांपैकी कोणताही हक्क आपोआप मिळेलच असे नाही. ‘रिस्पेक्ट’ (अर्थ : आदर) या गीताच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होईल. हे गीत रेडिंगने १९६५ मध्ये रचले व गायिले. कष्ट करून घरी परतणाऱ्या पुरुषाची ती मागणी होती. अरीथा फ्रँक्लिन (१९४२–२०१८) हिने १९६७ मध्ये ॲटलांटिकसाठी ते गाताना त्यात भर घातली व तीच मागणी स्त्रीच्या मुखी दिली. तिचे गायन स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनले. तथापि अमेरिकेतील पारंपरिक नभोवाणी केंद्रे केवळ गीतलेखक व प्रकाशक यांनाच मानधन देतात. त्यामुळे नभोवाणीवर हे गीत जितक्या वेळा वाजले, तितक्या वेळा रेडिंगच्या वारसांना मानधन मिळाले, फ्रँक्लिनला मात्र काही मिळाले नाही. गायक व वादक यांनाही हे मानधन मिळावे यासाठी सॅम मूरने अनेक वर्षे प्रयत्न केले. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघीय कायद्याचे संरक्षण नव्हते. २०१८ च्या कायद्याने त्यांच्या डिजिटल प्रसारणाबद्दल मोबदला देण्याची तरतूद केली. ती होईपर्यंत त्या पिढीतील अनेक कलावंत दिवंगत झाले होते.

उत्तरकाल : १९६८ मध्ये स्टॅक्स ही ‘गल्फ अँड वेस्टर्न’ या उद्योगसमूहास विकण्यात आली. संस्थेची सूत्रे क्रमाने ॲल बेल या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाकडे आली. तो पूर्वी नभोवाणी निवेदक होता व १९६५ मध्ये प्रसिद्धीकार्यासाठी संस्थेत दाखल झाला होता. गमावलेला संग्रह भरून काढण्यासाठी त्याने १९६९ मध्ये एकदम २७ दीर्घमुद्रिका प्रसिद्ध करण्याचे धाडस केले. त्यांतील आयझॅक हेझ (१९४२–२००८) याची ‘हॉट बटर्ड सोल’ ही सर्वाधिक गाजली. तीत केवळ चार रचना असून एक अठरा मिनिटांहून अधिक लांबीची आहे. तीन मिनिटांच्या गीताची चौकट मोडणारा हा प्रयोग सोल संगीतास नवी दिशा देणारा ठरला. विमान अपघातानंतर नव्याने उभारलेल्या ‘बार-केज’ समूहाने त्यात साथ केली होती. ‘शाफ्ट’ (१९७१) या चित्रपटातील शीर्षकगीताबद्दल हेझला १९७२ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. सर्वोत्कृष्ट गीताचे हे पारितोषिक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. रोबक ‘पॉप्स’ स्टेपल्स (१९१४–२०००) व त्याच्या कन्या यांच्या ‘स्टेपल सिंगर्स’ या गॉस्पेल कुटुंबाने ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’ (१९७१) व ‘आय विल टेक यू देअर’ (१९७२) या गीतांतून नागरी हक्कांच्या चळवळीचा आशय लोकप्रिय संगीतात आणला. त्यांतील मेव्हिस स्टेपल्स (जन्म १९३९) हिचा खर्जातील आवाज विशेष प्रसिद्ध आहे.

लॉस अँजेल्समधील वॅट्‌स या वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलीत ३४ जण मरण पावले होते. त्या घटनेच्या स्मरणार्थ स्टॅक्सने २० ऑगस्ट १९७२ रोजी तेथील मेमोरियल कोलिझियम या क्रीडागारात ‘वॅटस्टॅक्स’ हा संगीत समारोह भरविला. प्रवेशमूल्य एक डॉलर होते व एक लाखाहून अधिक श्रोते उपस्थित होते. रूफस टॉमसच्या गायनाच्या वेळी प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात उतरले, तेव्हा त्याने विनोदी बोलण्याने त्यांना पुन्हा आसनांवर बसविले. समारोह शांततेत पार पडला. १९७३ मध्ये त्यावरील अनुबोधपट प्रदर्शित झाला.

१९७२ मध्ये बेलने सीबीएस या कंपनीशी वितरणाचा करार केला. करार घडवून आणणारा त्या कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये पदावरून दूर झाला व त्यानंतर दोन्ही संस्थांचे संबंध बिघडले. ध्वनिमुद्रिका दुकानांपर्यंत पोहोचेनाशा झाल्या आणि मेंफिसमधील ‘युनियन प्लँटर्स’ बँकेचे कर्ज फेडणे अशक्य झाले. स्टूअर्टने स्वतःची मालमत्ता पणास लावली व तीही गेली. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संस्था बंद करण्यात आली. बेलवर बँकेच्या फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला होता, परंतु १९७६ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता झाली. हेझचेही दिवाळे निघाले व पूर्वीच्या गीतांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावरील हक्क त्याला सोडावे लागले. संस्था बंद होण्यापूर्वी अवघ्या काही आठवड्यांपूर्वी तालवादक ॲल जॅक्सन याची त्याच्या घरी हत्या झाली होती. १९६८ नंतरच्या मूळ फिती १९७७ मध्ये ‘फँटसी’ या कंपनीने घेतल्या. ती कंपनी २००४ मध्ये ‘काँकर्ड’ या समूहात विलीन झाली. त्यामुळे स्टॅक्सचे संगीत दोन निरनिराळ्या मालकांत विभागले गेले आहे.

रॉक संगीतावरील प्रभाव : ब्रिटिश व अमेरिकन रॉक संगीतकारांनी मेंफिसकडून बरेच काही घेतले. ‘रोलिंग स्टोन्स’ने रेडिंगची गीते गायिली आणि उलट रेडिंगने त्यांचे ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गीत १९६५ मध्ये सोल शैलीत सादर केले. ‘बीटल्स’ या चमूने १९६६ मध्ये मेंफिसला येऊन ध्वनिमुद्रण करण्याचा विचार केला होता, परंतु तो सिद्धीस गेला नाही. ॲलबर्ट किंगच्या गिटारवादनाची छाप एरिक क्लॅप्टन याच्यावर पडली व त्याच्या ‘क्रीम’ या चमूने किंगचे गीत १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रेस्लीनेही १९७३ मध्ये स्टॅक्सच्या कक्षात ध्वनिमुद्रण केले. हिपहॉप संगीताच्या काळात स्टॅक्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे नव्या रचनांत गुंफले जाऊ लागले. जे-झी व कान्ये वेस्ट यांची ‘ओटिस’ (२०११) ही रचना रेडिंगच्या १९६६ मधील गायनावर आधारलेली आहे. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने रेडिंग (१९८९), बुकर टी. अँड द एम.जी.ज तसेच सॅम व डेव्ह (१९९२), स्टेपल सिंगर्स (१९९९), आयझॅक हेझ व जिम स्टूअर्ट (२००२) यांचा सन्मान केला.

वारसा : संस्था बंद पडल्यावर तिची वास्तू एका चर्चच्या ताब्यात गेली व १९८९ मध्ये ती पाडण्यात आली. सभोवतालची वस्तीही याच काळात दारिद्र्याने ग्रासली. गायकांची गीते जगभर ऐकली जात असताना, ती जेथे जन्मली तेथे काही वर्षे केवळ मोकळी जागा होती. स्थानिक नागरिक व डीनी पार्करसारखे संस्थेचे जुने सहकारी यांनी पुढाकार घेऊन त्याच जागेवर चित्रपटगृहाची प्रतिकृती उभारली आणि २ मे २००३ रोजी तेथे सोल संगीताचे संग्रहालय सुरू झाले. ध्वनिमुद्रणकक्षाची उतरती जमीनही त्यात पुन्हा साकारण्यात आली आहे. हेझची सोनेरी मुलाम्याची मोटारगाडी आणि मिसिसिपीतील ग्रामीण भागातून आणलेले एक जुने लाकडी चर्च तेथे पाहावयास मिळते. लॉरेन मोटेलचे १९९१ मध्ये राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालयात रूपांतर झाले. २०२४ मध्ये स्टॅक्सच्या इतिहासावर चार भागांचा अनुबोधपट प्रसारित झाला.

मूळ फितींची मालकी मेंफिसकडे परत आलेली नाही. मात्र त्या फितींवर जे उमटले, ते शिकविण्याचे कार्य शहराने हाती घेतले आहे. संग्रहालयाआधीच, २००० मध्ये, तेथे स्टॅक्स संगीत विद्यालयाची स्थापना झाली व २००५ मध्ये एक नियमित शाळाही सुरू झाली. दक्षिण मेंफिसमधील मुलांना या विद्यालयात गायन, वादन व गीतलेखन यांबरोबरच ध्वनिमुद्रणाचे तंत्र व संगीत-व्यवसायाची माहितीही दिली जाते. जी मुले १९६० मध्ये एस्टेल ॲक्स्टनच्या दुकानात गाणी ऐकत उभी राहत, त्यांच्याच वस्तीतील ही पुढील पिढी होय.